न केलेला फोन

आमच्या केंद्रात पलंग मागायला कुणी आलं, की सिस्टर त्याला आधी त्या पलंगावर झोपवायच्या.

नाव, गाव, पेशंटला काय झालंय, हे सगळं नंतर. आधी चपला काढायच्या आणि उताणं पडायचं. "पंधरा मिनिटं. कूस बदलायची न्हाई, हात उचलायचा न्हाई. नाकावर माशी बसली तर मला सांग, मी हाकलते." मग समोर खुर्ची टाकून, मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन त्या बसायच्या. सून किंवा लेक आली असेल तर तिला म्हणायच्या, "तू नको. पोराला पाठव. तू आडवी झालीस तर तुला बरंच वाटंल, दमलेली दिसतीस."

दिवसभर ट्रॅक्टर हाकणारे धडधाकट गडी सातव्या-आठव्या मिनिटाला चुळबुळायला लागायचे. दहाव्या मिनिटाला टाचा दुखतात म्हणायचे. सिस्टर त्यांच्या टाचेखाली दोन बोटं सारायच्या आणि म्हणायच्या, "कळलं? तुझ्या आईला तर हे सांगताबी येत न्हाई. दर दोन तासांनी कूस बदलायची. आता सही कर आणि घेऊन जा."

एकदा एका पुढाऱ्याचा पीए आला होता. पांढरी पँट, पोटावर ठेवलेला मोबाईल सारखा वाजतोय, आणि सिस्टर म्हणतायत, "वाजू दे. लकवा झालेल्या माणसाला फोन उचलता येतो का?" तो पडून राहिला. त्याच्या वडिलांच्या पाठीला शेवटपर्यंत साधा ओरखडा आला नाही, हे त्यानंच पुढं येऊन सांगितलं.

सिस्टरांच्या अशा गोष्टी देवळाली प्रवरात अजून सांगितल्या जातात आणि लोक हसतात. मीही सांगायचो. आता सांगत नाही. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचा माझा हक्क मी स्वतः घालवलेला आहे. कसा घालवला, तेच इथं लिहितो आहे.

बाजारतळाजवळच्या दोन खोल्यांत आमचं रुग्णसाहित्य केंद्र होतं. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मोटारीवर चालणाऱ्या हवेच्या गाद्या, अशा वस्तू पेशंटला घरी वापरायला फुकट द्यायच्या आणि काम झालं की परत घ्यायच्या, एवढाच आमचा उद्योग. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी ओळखीच्या सात-आठ माणसांना गळ घालून ही संस्था काढली. रीतसर ट्रस्ट. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, भाड्याच्या एका खोलीत राहायच्या आणि स्कूटीवरून पंचक्रोशी पालथी घालायच्या. मीटिंगमध्ये त्यांचं मराठी अगदी शुद्ध असायचं. रागावल्या, किंवा पेशंटच्या माणसांशी बोलायला लागल्या, की नेवाशाकडची बोली बाहेर यायची.

मी नगरला समाजकार्याची पदवी घेतली होती आणि व्यवस्थापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"या संस्थेचा मालक कोण?"

मी म्हणालो, "विश्वस्त."

"नाही."

"मग समाज. किंवा पेशंट."

"नाही." त्यांनी माझा अर्ज घडी घालून बाजूला ठेवला. "कुणीच नाही. ज्या दिवशी कुणाला ही आपली वाटेल, त्या दिवशी ही संपली. उद्यापासून ये."

आमच्या दारावर पाटी रंगवायची होती तेव्हा पेंटरनं सवयीनं लिहिलं, 'ना नफा ना तोटा तत्त्वावर'. सिस्टरांनी त्याला परत शिडीवर चढवला आणि 'ना तोटा' पुसायला लावलं. तो वैतागला. म्हणाला, "बाई, सगळीकडं असंच लिहित्यात." त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं मला काय सांगतोस? गाद्या फाटणार, मोटारी जळणार, लोकं वॉकर हरवणार. आपलं काम तोट्याचंच हाय. पण नफा न्हाई म्हणजे न्हाई. तेवढं ठळक लिही." बरेच दिवस आमच्या पाटीवर 'ना नफा' आणि त्यापुढं पांढरा डाग असं होतं.

देणगीदारांची नावं पलंगांवर लिहू द्यायच्या नाहीत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, फार सौम्य माणूस. ते एकदा म्हणाले, "सिस्टर, लोकांना बरं वाटतं हो. 'अमुकतमुक यांच्या सौजन्याने', एवढंच." सिस्टर म्हणाल्या, "पेशंट पडल्या पडल्या दुसरं काय करणार? दिवसभर तेच वाचणार. मरताना माणसानं देवाचं नाव घ्यावं, का ट्रॅक्टरच्या शोरूमचं?" शोरूमचा उल्लेख त्यांनी उगाच केला नव्हता. आमचे सगळ्यांत मोठे देणगीदार ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक होते.

लोक आभार मानायला यायचे त्याचंही त्यांना वावडं. कुणीतरी त्यांच्या दाराशी कांद्याची गोणी ठेवून गेला, तर त्यांनी ती स्कूटीच्या पायाशी उभी करून, मला मागं बसवून, सहा किलोमीटरवरच्या वस्तीवर परत नेली. तो शेतकरी बिचारा हात जोडून उभा. या म्हणतायत, "आभार मानायचे तर गादी धुऊन आण. उन्हात वाळवून आण. कांदे कशाला?" मला हे तेव्हा जरा जास्तच वाटलं. परतताना मी म्हणालो, "कांद्यांनी काय होतंय, सिस्टर?"

उत्तर मला पुढच्या महिन्यात मिळालं. एका ग्रामपंचायत सदस्यानं त्याच्या गावातल्या अपंग बाईसाठी व्हीलचेअर मागितली आणि म्हणाला, रविवारी मी माझ्या हातानं देतो, दोन फोटो काढू. सिस्टर बरं म्हणाल्या आणि शनिवारीच स्वतः टेम्पोत बसून खुर्ची त्या बाईच्या घरी पोचवून आल्या. रविवारी सदस्य हार घेऊन पोचला तेव्हा बाई खुर्चीत बसून शेजारणीकडं गेलेली. सदस्य आमच्या दारात येऊन ओरडून गेला. तो गेल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "नफा म्हणजे नुसता पैसा वाटतो का तुला? 'मी करून दिलं' असं म्हणायला मिळणं, हाही नफाच. त्यावर माणूस मतं मागतो, सून मागतो, नोकऱ्या मागतो. या खोलीतून कुणी काहीच घेऊन जायचं नाही."

म्हणूनच त्यांनी नंबरचा फळा बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडं तोंड करून लावला होता. कोणत्या वस्तूसाठी कोण थांबलंय, कोणाचा कितवा नंबर, येणारा-जाणारा कुणीही वाचू शकायचा. आमदाराचं घर असो नाहीतर ऊसतोडीवाल्याची पाचटाची कोप, नंबर एकच.

तो नंबर मी मोडला.

सिस्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला गेल्या होत्या आणि तिथून विश्रांतीला नेवाशाला पुतण्याकडं राहणार होत्या. हवेच्या गादीचा एकच संच केंद्रात होता, तोही नुकताच परत आलेला. फळ्यावर पहिला नंबर कोल्हारच्या गादीवाल्याचा होता. हायवेला त्याचं कापूस पिंजून गाद्या-उशा शिवायचं दुकान. त्याच्या आईला लकवा झाला होता. माझी अम्मी चाळीस वर्षं लोकांच्या गाद्या भरतेय, आणि आता तिला गादीच टोचतीय म्हणून सांगून तो नाव लावून गेला होता आणि बुधवारी गादी न्यायला येणार होता.

मंगळवारी दुपारी शोरूमच्या मालकांचा फोन आला. त्यांच्या आई न्हाणीत पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. "गाडी पाठवतोय, ती हवेची गादी देऊन टाका."

मी म्हणालो, "साहेब, नंबर आहे एक. तुम्ही म्हणत असाल तर नगरहून विकत लगेच मागवता येईल."

"विकत कशाला? आपलीच संस्था आहे की." आणि मग सहज म्हणाले, "तुमच्या भावाचा शोरूमच्या नोकरीचा अर्ज पाहिला मी. बसतोय बहुतेक कामात."

बास. त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. अर्ध्या तासात गाडी आली. मी स्वतः मोटार आणि गादी गाडीत ठेवली. ड्रायव्हरला पलंगावर झोपवायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गादीवाला आला. मी म्हणालो, मोटार बिघडलीय, दुरुस्तीला दिलीय. फळ्यावर खडूनं तसं लिहिलंही. तो म्हणाला, "मग इकत आनू का साहेब? पाठ लाल व्हायला लागलीया तिची."

आणि मी म्हणालो, "कशाला खर्च करता? दोन दिवसांत येईल दुरुस्त होऊन."

हे वाक्य मी स्वतःला अनेकदा ऐकवलं आहे. त्याला जा म्हणालो असतो, घेऊन या म्हणालो असतो, तरी म्हातारीची पाठ वाचली असती. पण विकत आण म्हटलं असतं तर तो कदाचित रागावला असता, चौकशी केली असती. दोन दिवस म्हटल्यावर तो उलट मलाच "लई उपकार" म्हणून गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, तेव्हा मी आणखी दोन दिवस सांगितले. मग आणखी तीन.

सिस्टर दहाव्या दिवशी काळा चष्मा लावून परतल्या. डॉक्टरांनी स्कूटी चालवायला मनाई केली होती, म्हणून वडापच्या, सीटभाड्यानं चालणाऱ्या जीपनं फिरायला लागल्या. फळ्यावर पहिला नंबर वाचून त्या न सांगताच कोल्हारला गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी.

"माकडहाडावर माझी मूठ बसेल एवढी जखम हाय," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगून आले, आमच्यासाठी थांबू नको, आजच्या आज विकत आण. आता तू सांग. मोटार बिघडली होती का?"

मी खाली बघून म्हणालो, "थोडा गोंधळ झाला, सिस्टर."

त्यांनी देण्याघेण्याचं रजिस्टर उघडलं. शोरूमचं नाव माझ्याच अक्षरात होतं. त्यांनी रजिस्टर मिटलं. "रविवारी मीटिंगमध्ये बोलू."

रविवारी सगळे विश्वस्त होते. शोरूमच्या मालकांनी नव्या इमारतीसाठी जागा देऊ केली होती आणि कागदपत्रं व्हायची होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सिस्टरांनी काय घडलं ते शांतपणे सांगितलं. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना उत्तर हवं होतं असं मला वाटत नाही. त्यांना वाट हवी होती.

"नंबर सोडून द्यायचं कुणी ठरवलं?"

मी म्हणालो, "मी सिस्टरांना फोन केला होता. त्या हो म्हणाल्या. ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांच्या लक्षात नसेल."

हे मी ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून आलं आणि आल्यावर परत घेतलं नाही.

सिस्टरांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते पदरानं टिपलं. "कधी केलास?"

"मंगळवारी. दुपारी."

"काय म्हणाले मी?"

"म्हणालात, म्हातारी बाई आहे, हाड मोडलंय, देऊन टाक. कोल्हारच्यांना मी नंतर सांगते."

चार वर्षं रोज त्यांच्याबरोबर बसत होतो. त्यांच्यासारखं बोलणं मला जमत होतं.

कुणी त्यांचा मोबाईल उघडून पाहिला असता तर तेवढ्यात खरं-खोटं झालं असतं. कुणी पाहिला नाही. त्यांनीही नाही. मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनातच आलं नाही. आपण विसरलो असू, हे मात्र आलं. टेबलावरच्या माझ्या हातांकडं बघत त्या म्हणाल्या, "म्हणाले असंन. मला न्हाई आठवत."

अध्यक्षांनी लगेच "होतं असं, वय झालं की होतं" म्हणून विषय मिटवायला घेतला. सिस्टर उठल्या. "वयाचा विषय नाही. ज्या बाईला आपण काय बोललो ते आठवत नाही, तिनं नंबर सांभाळू नये." त्यांनी तिथंच कागद मागून राजीनामा लिहिला. इतिवृत्तात 'गैरसमज दूर झाला' असं मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या कोल्हारला जाऊन गादीवाल्याची माफी मागून आल्या. "गादी दुसऱ्याला दे असं माझ्याच तोंडून गेलं, माझी चूक," असं त्याला सांगितलं. मग जखम भरेपर्यंत रोज वडापनं जाऊन त्या म्हातारीचं ड्रेसिंग करत राहिल्या. एक दिवसही मी बरोबर गेलो नाही.

महिन्याभरानं किल्ल्या द्यायला आल्या. "भावाला शोरूममध्ये नोकरी लागली म्हणे?"

"हो."

"चांगलं झालं. घरात दोन पगार झाले."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांचा टोमणा मला ओळखता यायचा. तो टोमणा नव्हता.

त्या नेवाशाला निघून गेल्या. आमची नवी इमारत झाली. दर्शनी भिंतीवर शोरूमच्या मालकांच्या वडिलांचं नाव आलं आणि प्रत्येक पलंगाच्या उशाशी लाल अक्षरांत 'सौजन्य' आलं. माणसांना झोपवून बघायला वेळ नसतो, म्हणून ते बंद झालं. माझा पगार वाढला. बाहेरचा फळा नव्या भिंतीला शोभेना म्हणून आत घेतला.

तीन वर्षं अशी गेली. मग एक दिवस सिस्टरांचा पुतण्या वॉकर मागायला आला. त्या घरात घसरून पडल्या होत्या, फार लागलं नव्हतं. सही करता करता तो म्हणाला, "इथून आल्यापासून आत्याचं कायतरी बिघडलंच बघा. मला विसर पडतो म्हणून स्कूटी विकली. गल्लीत कुणी इंजेक्शन द्यायला बोलावलं तरी जात न्हाई. नगरला दोनदा मोठ्या डॉक्टरला दाखवलं. ते म्हनले, डोकं शाबूत हाय, काय झालेलं न्हाई. पन तिचा इश्वासच न्हाई. सगळं वहीत लिहिती."

त्या रविवारी मी नेवाशाला गेलो.

सिस्टर ओसरीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. शेजारी शाळेची दोनशे पानी वही आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. उघड्या पानावर लिहिलेलं मला दिसलं: 'सकाळची गोळी घेतली. गॅस बंद केला. परत पाहिला, बंद आहे. सूनबाईला कोथिंबीर सांगितली.'

मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो. "सिस्टर, मी तेव्हा फोन केला नव्हता. तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. मी खोटं बोललो."

"परत सांग."

मी परत सांगितलं. भावाचा अर्ज, मंगळवार, मोटार, सगळं.

"म्हणजे मी विसरले नव्हते."

"नव्हता."

"विसरले नव्हते," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि मग एकदम आत तोंड करून हाक मारली, "अगं सूनबाई, ऐकलंस का? मी विसरले नव्हते गं! फोनच आला नव्हता!" त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या मला मारतील, हाकलतील, याची तयारी करून मी गेलो होतो. या आनंदाची तयारी माझी नव्हती.

त्यांनी वही ओढली. "थांब, लिहून घेते. सावकाश सांग." आणि मी माझ्या तोंडानं सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. लिहून झाल्यावर त्यांनी मला ते वाचून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर."

पेन खाली ठेवल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "कोल्हारला सांगितलंस?"

"नाही."

"मग इकडं आधी कशाला आलास?" आवाज जुना झाला. "मी हाय अजून जिवंत. ती म्हातारी गेली गेल्या साली. त्या पोरानं मला माफ केलं, ते तुझं होतं. जा, आधी त्याला सांग. आणि अध्यक्षांना लेखी दे."

चहा झाला नाही. मी मागितला नाही, त्यांनी विचारला नाही.

सोमवारी अध्यक्षांना पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घालून खणात ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं मन मोकळं झालं ना? झालं तर मग. संस्थेचं नाव कशाला खराब करायचं?" ते पत्र अजून तिथंच आहे, आणि मीही अजून तिथंच आहे. नोकरी सोडायचं धाडस मला झालेलं नाही. माझी दोन मुलं शाळेत आहेत, हे मी स्वतःला रोज सांगतो.

मंगळवारी कोल्हारला गेलो. गादीवाला दुकानात मांडी घालून एका गादीला टाके घालत होता. मला ओळखून त्यानं बसायला उशी सरकवली. मी बसलो नाही. सगळं सांगितलं. सांगताना तो टाके घालत राहिला आणि कधी थांबला ते मला कळलं नाही.

"सिस्टर आल्या हुत्या तवा रडत हुत्या," तो म्हणाला. "माझ्यामुळं झालं म्हनल्या. अम्मीच त्यांना खुणेनं म्हनली, ऱ्हाऊ द्या, तुमी काय मुद्दाम केलं का."

त्यानं सुई खाली ठेवली.

"तुमी मुद्दाम केलं हुतं."

"हो."

तेवढ्यात एक बाई पाळण्याच्या गादीचं विचारायला आली. तो उठला, तिला दोन-तीन नमुने दाखवले, कापूस कोणता ते सांगितलं, गुरुवारी घेऊन जा म्हणाला. ती गेल्यावर परत येऊन बसला. मी तिथंच उभा होतो. त्यानं सुई उचलली, दोरा तपासला आणि मान वर न करता म्हणाला, "तुमचं सांगून झालं साहेब. आता मी याचं काय करू, ते सांगा."